झिंग्यांचा उपवास

आमच्या घरातल्या फ्रीजइतका धार्मिक फ्रीज अख्ख्या चंद्रपुरात सापडायचा नाही. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. त्यात चतुर्थी आली, एकादशी आली, भावकीत कोणी गेलं तर सुतक आलं. उरलेल्या दिवशी त्यात मांसमच्छी ठेवायची मुभा आहे. आता ते उरलेले दिवस कोणते हे काढायला पंचांग घेऊन बसावं लागतं, ती गोष्ट वेगळी. हे सगळे नियम माझ्या सासूबाईंचे. सासरे गेल्यावर त्यांनी एकेक वार धरायला सुरुवात केली आणि धरलेला वार काही सोडला नाही. घरातल्या माणसांवर त्यांनी कधी सक्ती केली नाही, हे मान्य करते. फ्रीजला मात्र बिचाऱ्याला कोणी विचारलं नाही.

अशा घरात मी सून म्हणून आले ती थेट सिरोंच्याहून. माझं माहेर गोदावरीवर जाळं टाकणारं. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि ताटात मासा. शिकायला चंद्रपूरला आले, वर्गातलाच एक मुलगा आवडला, लग्न केलं. सासूबाई कुरखेड्याकडच्या, बोलायला मोकळ्या. लग्नानंतर आठवड्याभरातच शेजारी सांगून आल्या, "पोरगी चांगली आहे, पण मासोईचा वास येते बाप्पा अंगाले." मी ते भिंतीपलीकडून ऐकलं होतं. मी बरंच काही ऐकते आणि काहीही विसरत नाही. माझ्या नवऱ्याच्या मते हा आजार आहे.

तर, झिंगे.

मागच्या उन्हाळ्यात बापूनं माझ्यासाठी झिंगे पाठवले. बापू म्हणजे माझे वडील. आमच्या तिकडे बापालाच बापू म्हणतात. स्वतःच्या हातानं पकडलेले, लांब नांग्यांचे, गोदावरीतले झिंगे. थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात पिशवी, पिशवीच्या तोंडाला जाळ्याच्या निळ्या दोऱ्याची गाठ. एसटीच्या ड्रायव्हरच्या सीटमागे बसून ते चंद्रपूरपर्यंत आले. सिरोंच्याचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी सुखात राहावं. तरी बर्फ बराच शिल्लक होता. स्टँडवरच मी झाकण उघडून पाहिलं. झिंगे टणक, चकचकीत, आणि डब्यातून आमच्या घाटाचा वास आला. मला रडूच येणार होतं, पण स्टँडवर ओळखीची माणसं फार.

घरी आणले, तर गुरुवार.

"आज नाई वं," सासूबाई म्हणाल्या. "उद्या करजो."

त्या उद्याच्या सकाळी भावकीतली एक म्हातारी वारली. इतकी लांबची की ती नेमकी कोण, हे नवऱ्याला तीन ठिकाणी फोन करून विचारावं लागलं. नातं लांबचं असलं तरी सुतक जवळचं निघालं. सुतक फिटलं तोवर पाऊस लागला. आमच्या घरी मांसमच्छी गॅसवर शिजत नाही. मागच्या अंगणात चूल आहे, वेगळा गंज म्हणजे पातेलं आहे, वेगळी पळी आहे, तिथं शिजते. चुलीवर छप्पर नाही. छप्पर घालायचं असं लग्नाच्या आधीपासून ठरलेलं आहे. पावसात चूल गेली वाहून, आणि झिंगे फ्रीजरमध्ये बसले छप्पर होण्याची वाट पाहत.

फ्रीजर कसला म्हणा! एका दाराचा जुना फ्रीज, वर बर्फाची खोपी. त्यात सासूबाईंनी त्या पुडक्यावर वर्तमानपत्र गुंडाळलं, वर पिशवी, पुन्हा वर्तमानपत्र, पुन्हा पिशवी. वास जाऊ नये म्हणून नाही. दुधाला विटाळ होऊ नये म्हणून.

मग श्रावण आला.

श्रावणात तर प्रश्नच नव्हता. आदल्या दिवशी सासूबाईंनी पुडकं सांडशीनं बाहेर काढलं. हो, सांडशीनं! गरम पातेलं उचलतात तसं. "जाय, चाचीकडे ठेवून ये," म्हणाल्या.

चाची म्हणजे आमच्या शेजारीण. चाचांचं पूर्वी कोल्ड्रिंकचं दुकान होतं, त्यातला मोठा डीप फ्रीजर अजून त्यांच्या घरात आहे. सासूबाई चाचींच्या घरचं पाणी पितात, चाचींच्या हातची शेवई खातात, दुखलं-खुपलं तर आधी चाचींना हाक मारतात, आणि श्रावणात आपल्या घरचं पाप चाचींच्या घरी ठेवायला पाठवतात. चाची हसल्या. "लाव बेटा. हमारे इधर कोई सोमवार-शनिवार नहीं है." मग माझ्या हातातल्या पुडक्याकडे बघून म्हणाल्या, "क्या है, लाश है क्या?" तेवढं ते फुगलं होतं.

त्याच श्रावणात बापूला झटका आला. अर्धांगवायू. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. समजत होतं सगळं, शब्द मात्र सापडत नव्हते. मराठी तर पार धुऊन गेली. तेलुगूतले चार-दोन शब्द तेवढे ओठांवर राहिले. पुराच्या पाण्यानं रस्ता बंद, मी इकडे चंद्रपुरात खोलीभर येरझाऱ्या घालतेय. शेवटी भावानं फोन बापूच्या कानाला लावला. मी नुसती "बापू, बापू" करत होते. पलीकडे बराच वेळ घरघर ऐकू आली आणि मग बापू म्हणाला, "रोय्यलु?"

रोय्यलु म्हणजे झिंगे.

मला आधी समजलंच नाही. माणूस मरणाच्या दारातून परत आलाय आणि झिंगे काय विचारतोय! मग लक्षात आलं की तो विचारतोय, खाल्लेस का. मी खरं सांगितलं. "नाही रे बापू, अजून नाही." तो पुन्हा म्हणाला, "रोय्यलु." या वेळी प्रश्न नव्हता. भावानं त्याला खोदून खोदून विचारलं, तुझ्यासाठी ठेवायचे का, तिच्याकडे जाऊन दोघांनी मिळून खायचे का? तर बापूनं हो हो म्हणावं तसा डावा हात जोरजोरात हलवला. भाऊ म्हणाला, ठेव त्याच्यासाठी. डॉक्टर म्हणतात, आता हा नदीत उतरायचा नाही.

म्हणजे चाचींच्या फ्रीजरात होते ते बापूच्या हातचे शेवटचे झिंगे.

मी घरात जाहीर केलं की आता त्या पुडक्याला बापू येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. "हात कोण लावून राह्यलं?" सासूबाई म्हणाल्या. खरंच होतं. त्या सांडशी लावत होत्या.

नंतर पुडक्याची जी यात्रा सुरू झाली ती विचारू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ते घरी आलं, कारण त्या दिवशी चालतं. गणपती बसायच्या आत पुन्हा चाचींकडे गेलं. विसर्जनानंतर आलं. पितृपक्षात पितरांना वास येईल म्हणून गेलं, मग पितर कावळ्याच्या रूपानं येतात आणि कावळ्याला मासोई चालते असा सासूबाईंना शोध लागला म्हणून आलं. नवरात्रात गेलं. दसऱ्याला आलं. दिवाळीत लक्ष्मी घरात यायची म्हणून झिंगे घराबाहेर. दर वेळी सासूबाई त्यावर एक नवी पिशवी चढवायच्या. आमच्या दारापासून चाचींच्या दारापर्यंत दहा पावलं, पण जाताना मी बोलत उभी राहायचे, येताना चाची मला चहाला बसवायच्या, आणि पुडकं ओट्यावर घाम गाळत पडून राहायचं. इतके उपवास तर सासूबाईंनीसुद्धा केले नसतील.

बापू तिकडे हळूहळू बसायला लागला. काठीनं चार पावलं टाकायला लागला. दर रविवारी भाऊ फोन लावायचा आणि बापू विचारायचा, "रोय्यलु?" मी म्हणायचे, आहेत बापू, ठेवलेत. तू ये. पलीकडून हसल्यासारखा आवाज यायचा. आमचं तेवढंच बोलणं.

आणि मार्गशीर्षात भावाचा फोन आला. चंद्रपूरच्या मेंदूच्या डॉक्टरकडे शुक्रवारचा नंबर लागलाय, गुरुवारी निघून तुझ्याकडेच मुक्कामाला येतो. मागून बापूचा आवाज. काय विचारत होता ते सांगायला नको.

मी फोन ठेवला. इतके दिवस मी "ठेवलेत, ठेवलेत" म्हणत होते, पण ठेवलेत ते खाण्याजोगे राहिलेत का, हा विचार माझ्या डोक्यात पहिल्यांदा शिरला. धडधाकट माणसाचं पोट बिघडलं तर तो दोन दिवस लोटा घेऊन फिरतो आणि बरा होतो. बापूला घोटभर पाणी गिळतानासुद्धा ठसका लागत होता. त्याला जुलाब-उलट्या लागल्या तर काय उरणार होतं अंगात? आणि नाही दिले, तर त्याला काय सांगायचं? ज्या माणसाकडे एकच शब्द उरलाय, त्या शब्दाला "नाही" म्हणायचं?

बुधवारी संध्याकाळी ओट्यावर पुडकं ठेवून आमच्या घरात परिषद भरली.

माझा नवरा शाळेत विज्ञान शिकवतो. त्यानं आधी हात मागे बांधले, मग घसा साफ केला. मला तिथंच समजलं की तास सुरू झाला.

"उणे अठरा अंशाला मासा कित्येक महिने टिकतो," तो म्हणाला. "सूक्ष्मजीव मरत नाहीत, पण झोपून राहतात."

"आपल्या फ्रीजमध्ये उणे अठरा असतं?"

"नाही. असेल उणे चार-पाच. लाइट असली तर."

"मग ते झोपले होते का नुसत्या डुलक्या घेत होते?"

त्यावर त्यानं मोबाइल काढला. एका ठिकाणी तीन महिने लिहिलं होतं, दुसऱ्या ठिकाणी सहा, तिसऱ्या ठिकाणी एक गोरी बाई वर्षभरापूर्वीची कोळंबी हसत हसत तळत होती. विज्ञानाचं एवढं एकमत बघून मला फार धीर आला.

सासूबाई पुढे झाल्या. नाक अगदी पुडक्याजवळ नेलं. "काई वास नाई," म्हणाल्या. "चांगले आहे. काई नाई होत." ज्या बाईला लग्नाच्या आठवड्यात माझ्या अंगाचा वास आला होता, तिला आज सहा-सात महिन्यांच्या झिंग्यांचा वास येईना. मी म्हटलं, "आई, गोठलेल्याला वास नसतो." त्या म्हणाल्या, "मंग झालं तं! वासच नाई, तं खराब कायचे?" आणि घाईघाईनं वाती वळायला लागल्या. तेव्हाच मला खटकायला पाहिजे होतं. मासळीची इतकी बाजू त्यांनी जन्मात घेतली नव्हती.

मग मांजरीचा प्रयोग झाला. पुडक्याच्या कोपऱ्याला भोक पाडून नवऱ्यानं त्यातून एक डोकं तोडलं आणि परसात ठेवलं. आमची मांजर म्हणजे चपलेचा वाससुद्धा भुकेनं घेणारी. ती आली, हुंगलं, आमच्याकडे बघितलं आणि शेपटी वर करून निघून गेली.

"आज बुधवार आहे ना?" मी विचारलं. "का तिचाही उपवास आहे?"

"एका मांजरीवरून निष्कर्ष काढता येत नाही," नवरा म्हणाला.

"दुसरी मांजर आणू?"

मी सुरी घेतली आणि पिशव्या सोलायला लागले. वरची दिवाळीतली, साडीच्या दुकानाची. खाली दसऱ्याची. खाली नवरात्रातल्या फुलवाल्याची, पोळ्याची, आणि मधेमधे ओले होऊन वाळलेले पेपर. सगळ्यात आत बापूची पिशवी, निळ्या दोऱ्याची गाठ तशीच. मी ती सोडवत बसले नाही, खाली कापली. झिंगे सुटे नव्हतेच. एकमेकांना चिकटून त्यांची एक लादी झाली होती, आणि पिशवीच्या तळाशी गुलाबीसर बर्फाचा पापुद्रा साचला होता. म्हणजे पाणी सुटलं होतं, सगळं वितळून खाली उतरलं होतं आणि पुन्हा गोठलं होतं. मला दिसलं. मला दिसायला नको होतं, म्हणून मी आणखी वाकून बघत राहिले.

तेवढ्यात चाची आल्या. बापूला आंघोळीला बसायला प्लास्टिकची खुर्ची लागेल म्हणून स्वतःच्या घरची घेऊन आल्या होत्या. ओट्यावर नजर गेली आणि दारातच थांबल्या.

"अगे बाई, ये अभी तक रखे क्या?"

मी कापलेली पिशवी त्यांच्यापुढे धरली.

"मैंने तो उसी टाइम बोल दी थी तेरे सास को," चाची मला म्हणाल्या. "गणपती में डीपी उड़ी थी ना अपनी, दो दिन लाइट नहीं था. फ्रीजर में सब पानी पानी. मैंने अपना सारा गोश्त फेंकी. ये अमानत था, मैं कैसे फेंकती? विसर्जन के दिन बोली, बाई, तुम्हारा माल नरम पड़ गया था, बास आ रही थी, मत खाना."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या वाती वळत होत्या. एवढ्या वाती वळल्या होत्या की पुढच्या मार्गशीर्षापर्यंत पुरल्या असत्या.

त्यानंतर मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. नवऱ्यानं उठून खिडक्या लावल्या एवढं सांगते. गणपतीपासून यांना माहीत होतं! गणपतीपासून! म्हणजे नासलेले झिंगे नवरात्रात सोवळ्यानं बाहेर गेले, दसऱ्याला सोवळ्यानं आत आले, दिवाळीत पुन्हा गेले, पुन्हा आले, आणि मी मूर्ख दर रविवारी बापूला सांगत बसले, ठेवलेत, ठेवलेत. आणि आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, काई नाई होत म्हणून हे माझ्या आजारी बापाच्या ताटात वाढायला निघाल्या होत्या!

"आई, काऊन नाई सांगितलं?" नवऱ्यानं विचारलं. तो चिडला की त्याची शाळा गळून पडते आणि आईची बोली बाहेर येते.

सासूबाई वातींकडे बघतच म्हणाल्या, "सांगाले आली होती मी. हे फोनवर बापासोबत बोलून राह्यली होती. हासून राह्यली होती. झटका आल्यापासून पहिल्यांदा हासली होती. मले नाई सांगता आलं. मंग रोज वाटे, आज सांगीन."

मला त्यांची दया यायला पाहिजे होती. नाही आली. मी म्हटलं, "उकळू. खूप वेळ उकळू. दोन तास उकळू. जंतू मरतील."

"जंतू मरतील," नवरा म्हणाला. या वेळी हात मागे बांधले नव्हते. "त्यांनी आधीच सोडलेलं विष उकळून जात नाही. नको गं."

मला आयुष्यात त्याचा इतका राग कधी आला नव्हता, कारण तो बरोबर होता. बापूच्या हातचे शेवटचे झिंगे होते ते. आणि ते बापूला देता येणार नव्हते. मी लादी उचलली, परसात गेले आणि शेवग्याच्या झाडाखाली खड्डा करून पुरली. घंटागाडीत टाकायला हात धजेना. माती लोटताना मी रडले. चाची जवळ उभ्या होत्या, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. सासूबाई दारात होत्या, तिथंच राहिल्या.

दुसरा दिवस गुरुवार. मार्गशीर्षातला गुरुवार म्हणजे सासूबाईंच्या वर्षातला सगळ्यात कडक दिवस. पहाटे आंघोळ, पुढच्या खोलीत महालक्ष्मीचा घट, पाच फळं, पाच पानं, दिवसभर उपवास. सकाळी वाटीभर साबुदाणा खाल्ला आणि कुठं जाते हे न सांगता बाहेर पडल्या. मला वाटलं, देवळात गेल्या असतील. देवीला काय सांगणार आहेत ते ऐकायची माझी फार इच्छा होती.

दुपारी दारात ई-रिक्षा थांबली. चाची आणि सासूबाई उतरल्या. सासूबाईंच्या हातात काळी पिशवी होती. पिशवीतून पाणी ठिबकत होतं, पदरावर पडत होतं. सांडशी नव्हती.

"झिंगे आहे," त्या म्हणाल्या. "ताजे आहे म्हणते. मले काई समजत नाई, चाचीनं पाहून घेतले."

"पूरा मार्केट हम दोनों को देख रहा था," चाची म्हणाल्या. "तेरी सास के हाथ में हलदी-कुंकू का पुड़ा, और मैं झिंगे का भाव कर रही."

मी म्हटलं, "आई, आज गुरुवार आहे." मला टोमणाच मारायचा होता. तो नीट बसला नाही.

"मले माईत आहे," सासूबाई म्हणाल्या आणि मागच्या अंगणात जाऊन चूल पेटवायला बसल्या. फुंकून फुंकून डोळे लाल केले. मग विचारलं, "तुह्या माहेरी कसे करते?" लग्नाला इतकी वर्षं झाली, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, चिंचेचा कोळ, लाल तिखट, लसूण, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. त्यांनी सांबार निवडला, लसूण सोलला, चिंच भिजत घातली. झिंग्यांना मात्र मीच हात लावला. तेवढं सोवळं मी त्यांचं ठेवलं.

"इवाईले सांगू नको," व्याह्याबद्दल त्या हळूच म्हणाल्या. "तेच आहे म्हणून वाढ. त्याले काय समजते आता?"

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

संध्याकाळी जीप आली. भावानं आणि नवऱ्यानं बापूला दोन्ही बाजूंनी धरून आत आणलं. माझा बापू! पुरात नाव घालणारा माणूस, त्याचा सदरा अंगावर लोंबत होता. त्यानं मला बघितलं, डाव्या हातानं माझं तोंड चाचपलं आणि आत नजर टाकून म्हणाला, "रोय्यलु?"

"हो बापू," मी म्हटलं. "बस."

त्याला खुर्चीवर बसवलं, समोर स्टुलावर ताट ठेवलं. भात मऊ केला होता, झिंगे बारीक तोडले होते. एकच मोठा सबंध ठेवला होता, बघायला. मी घास भरवला. बापूनं तो जिभेवर घोळवला. बराच वेळ घोळवला. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. बापूनं घास गिळला, ठसका लागला नाही. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मनवि कावु."

झटक्यानंतर त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं नवं वाक्य. भाऊ चमकून उठला. मला आनंद व्हायला पाहिजे होता.

"काय म्हणते?" सासूबाईंनी विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. छान झालेत म्हणतोय, असं सांगितलं असतं तर त्यांना कोण तेलुगू येतं! पण मी एवढे महिने जपून ठेवलेला राग अजून संपला नव्हता. मी जसंच्या तसं सांगितलं. "म्हणतोय, हे आपले नाहीत."

सासूबाई चौकट सोडून आल्या आणि बापूच्या खुर्चीपुढे खाली जमिनीवर बसल्या. व्याह्यापुढे त्या कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. तो आता खांद्यावर आला होता.

"नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमचे नाई. तुमचे म्या नासवले. ह्या घरून त्या घरी, त्या घरून ह्या घरी. तुमच्या पोरीनं जपून ठेवले होते. म्या नासवले."

बापूला किती समजलं कोण जाणे. तो त्यांच्याकडे बघत राहिला. त्यांचे हात चुलीनं काळे झाले होते, डोळे धुरानं सुजले होते, पदराला मासळीच्या पाण्याचे डाग होते. त्याला बहुतेक तो वास आला. त्यानं डाव्या हातानं ताटातला तो मोठा सबंध झिंगा उचलला. रस्सा सगळीकडे सांडला. झिंगा त्यांच्यापुढे धरून तो म्हणाला, "तिनु."

तिनु म्हणजे खा. लेकराला म्हणतात तसं. मोठ्यांना तिनंडि म्हणतात, पण बापूकडे आता तेवढी अक्षरं उरली नव्हती.

"खा म्हणतोय," मी म्हटलं. आणि लगेच म्हटलं, "आई, राहू द्या. उपवास आहे तुमचा. मी सांगते त्याला."

सासूबाईंनी दोन्ही हात पुढे केले, प्रसाद घेतात तसे, झिंगा घेतला आणि खाल्ला. कसा खायचा ते त्यांना येत नव्हतं, शेपटीसकट चावला. सकाळच्या वाटीभर साबुदाण्यानंतर तेवढंच पोटात गेलं. पुढच्या खोलीत घटापुढे दिवा जळत होता. आज गुरुवार आहे, हे त्या घरात त्यांच्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं.